मापात पाप

बापूंनी मागे दोन गोष्टी ठेवल्या:
पारोळ्याच्या बाजारपेठेतला हा तेलाचा घाणा,
आणि माझ्या रक्तात काहीतरी,
जे धुळ्याच्या लॅबने आकड्यात लिहून दिलं.
एकशे अडुसष्ट.

खैरनार डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उलटा केला
आणि कोऱ्या बाजूला एक नळी काढली.
मला ती बोरी नदीच वाटली, उन्हाळ्यातली:
दोन्ही काठांना गाळ, मधून बारीक धार.
"वाहतंय अजून," त्या म्हणाल्या.
"वडील कितव्या वर्षी गेले?"
चव्वेचाळिसाव्या.
"तुम्ही?"
बेचाळीस. दिवाळीनंतर त्रेचाळीस.
पेन थांबलं जरा.
मग गोळी लिहिली. रोज रात्री एक.

तेव्हापासून तेल विकणाऱ्याच्या घरात
तेल मोजून येतं.
माणशी अर्धा लिटर, महिन्याला.
रत्नप्रभा बाटलीवर स्केचपेनने तारीख घालते
आणि पंचवीस तारखेला बाटली उजेडात धरते,
मी चोर असल्यासारखी.
इकडे दुकानातून पंधरा किलोचे डबे
शेळाव्याला, म्हसव्याला, उधारीवर जात असतात.

माय खिचडी वाढताना मधोमध खड्डा करायची,
त्यात लसणाचं तेल, काठोकाठ.
खड्डा ती अजून करते. सवय आहे हाताला.
रिकाम्या खड्ड्याकडे बघून म्हणते,
"कोल्ली खिचडी गयाखाल कशी उतरी रे?"
उतरते, माय.
पहिले वीस दिवस नाही उतरली.

पापड भाजलेला. शेवभाजी महिन्यातून एकदा,
तीही वरची तर्री बाजूला काढून,
म्हणजे जवळजवळ शेवभाजी नाहीच.
वांगं मात्र कपाशीच्या काड्यांवर भाजायला
कोणत्याही डॉक्टरची मनाई नाही,
हे मी दोनदा विचारून घेतलं.
तंबाखूची डबी गल्ल्याच्या मागे पडून आहे.
धूळ चढलीय. टाकवत नाही.
पहाटे किल्ल्याच्या खंदकाकडेने चार फेऱ्या,
आणि रोज कोणीतरी विचारतंच,
"गाडी विकली का, चौधरीशेठ?"

तीन महिन्यांनी आकडा आला चौऱ्याण्णव.
मी पेढे वाटले. स्वतः अर्धा खाल्ला.
आणि गोळी बंद केली.
कोणाला सांगितलं नाही.
रत्नप्रभा विचारायची, घेतली? मी म्हणायचो, घेतली.
अकरा दिवस.
काही झालं नाही, काहीच नाही.
दुखलं असतं कुठे, तर सोपं गेलं असतं.

बाराव्या दिवशी म्हसव्याची एक म्हातारी आली,
बाटली घेऊन, उन्हात, एस.टी.तून उतरून.
म्हणाली, घरी मोजलं, पाच तोळे कमी भरलं.
नव्या पोराने काटा शून्यावर आणलाच नव्हता.
मी त्याच्यावर असा ओरडलो
की समोरचा कापडवाला बाहेर आला.
"बापू मरेपर्यंत सांगत होते," मी ओरडत होतो,
"मापात पाप करू नये! गिऱ्हाईक बघत नसलं तरी!"
म्हातारीने वरून छटाकभर जास्त नेलं.
पोरगं रडवेलं.

त्या रात्री पाकीट काढलं.
अकरा गोळ्या, त्यांच्या अकरा खिडक्यांत,
सगळ्या शाबूत.
एक फोडली.
मग दिवा लावून रत्नप्रभेला उठवलं
आणि बाकीच्या दाखवल्या.
ती काही बोलली नाही. पाकीट घेऊन
तिच्या साड्यांच्या कपाटात ठेवलं, किल्ली लावून.

खैरनारबाई मात्र बोलल्या. बऱ्याच बोलल्या.
आकडा उतरला तो गोळीमुळे,
त्रास झाला तर फोन करा, मनाने सोडू नका,
घाणा बंद केलात तर तेल येईल का?
हे त्यांनी माझ्यासाठी शोधून काढलं असावं.
आणि जाताना म्हणाल्या,
मुलाचंही रक्त एकदा तपासून घ्या.

लोकेश पंधराचा आहे. धावतो, खातो, ऐकत नाही.
सुट्टीत घाण्यावर बसतो, शेंगदाणे तोंडात टाकत.
काल मी त्याला लॅबचं सांगितलं.
"मले काय व्हयेल शे?" त्याने विचारलं.
काही नाही, म्हटलं. म्हणूनच.
तो गप्प राहिला. मग म्हणाला, सुई दुखते का?
थोडी.

समोर गिऱ्हाईक उभं होतं, किटली घेऊन.
लोकेशने किटली काट्यावर ठेवली,
आकडा शून्य होईपर्यंत थांबला,
आणि मग नळ सोडला.